बारा वाजून सात मिनिटे

सत्तेचाळीस क्रमांकाच्या छायाचित्रात पक्षी आहे, हे डॉ. गोकुळदास गावस यांच्या ध्यानात सर्वांत शेवटी आले. आधी दिसला तो दगड: गुडघ्याइतक्या उंचीचा जांभा, डावीकडे कललेला, वरच्या अंगाला बैलाच्या वशिंडासारखा फुगलेला. मग त्याच्या पायथ्याशी अंथरलेले कुंभ्याचे रुंद पान. मग पानावर, पावसाने भिजून पांढुरके झालेले, पावाचे तुकडे. ते चार आहेत, तीन नव्हेत आणि पाचही नव्हेत, हे मोजून झाल्यावरच त्यांची नजर उजव्या कोपऱ्याकडे गेली. तेथे पाठमोरा, अर्धा अस्पष्ट, चोचीत ओल्या मुळांचा झुपका धरलेला नवरंग उभा होता. चित्राच्या तळच्या काळ्या पट्टीवर यंत्राने नोंद छापली होती: अठरा जून, बारा वाजून सात मिनिटे, सव्वीस अंश, आणि शेजारी अर्ध्या चंद्राचे चिन्ह. वार छापलेला नव्हता. तो बुधवार होता. हे त्यांना कॅलेंडर न पाहता कळले, आणि कळले याचाच त्यांना राग आला.

मांद्र्याच्या किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या सेजलच्या पाहुण्यांच्या घरात हे परीक्षण चालले होते. ऑक्टोबरचा पहिला आठवडा. पाहुणे अजून यायचे होते, खुर्च्यांवर प्लास्टिकची आवरणे होती, आणि ज्या भिंतीवर छायाचित्रे दाखवली जात होती तिच्या खालच्या अंगाला पावसाळ्याने पोपडे आणले होते. सेजल स्वतः छायाचित्रकार. हंगामात घर चालवायचे आणि पावसाळ्यात जंगल हिंडायचे असा तिचा वर्षाचा हिशेब. दुसरे परीक्षक दीपक, केरीचे, वनखात्यातून निवृत्त झालेले क्षेत्रपाल. जंगलाबद्दल बोलताना ते अजूनही पंचनाम्याची भाषा वापरत. तिसरे डॉ. गावस, प्राणिशास्त्राचे निवृत्त विभागप्रमुख, डिचोली तालुक्याच्या पक्षिसूचीचे कर्ते. ज्या विभागाचे परीक्षण चालले होते त्याला संयोजकांनी ‘मानवी हस्तक्षेपाविना’ असे नाव दिले होते. झाडाला पट्ट्याने बांधलेला एक डबा. समोरून ऊब सरकली की तो आपोआप एकापाठोपाठ तीन चित्रे टिपतो. छायाचित्रकार त्या वेळी घरी जेवत असतो. कळ पक्षीच दाबतो, स्वतःच्या रक्ताच्या उष्णतेने, आणि बक्षीस मात्र डबा बांधणाऱ्याला मिळते. ही साक्षीदाराविना साक्ष आहे, असे डॉ. गावस सकाळी चहाच्या वेळी म्हणाले होते, आणि त्या एका वाक्यावर पाच मिनिटे बोलले होते. दोघांनी ते नम्रपणे ऐकून घेतले होते, निवृत्त प्राध्यापकाचे ऐकतात तसे.

“चौकट कच्ची आहे,” सेजल म्हणत होती. “पक्षी पाठमोरा, अर्ध्या फ्रेममध्ये दगड. पण सर, चोचीत मुळं आहेत. म्हणजे घरटं बांधतोय. जूनमध्ये, डिचोलीत. ही नोंद मोठी ना?”

“मोठी,” डॉ. गावस म्हणाले. आपला आवाज नेहमीचाच निघाला याचे त्यांना बरे वाटले.

“मोठी ती खरी,” दीपक खुर्चीत पुढे सरकले, “पण तो पाव बघितलात मरे? आमिष ते. मी तीस वर्षं खात्यात काढली, सगळे चाळे बघितले. पाव कुस्करायचा, मुंग्या जमवायच्या, मुंग्यांवर पक्षी. पूर्वी निदान लपणात बसून डास तरी चाववून घ्यायचे. आता तेवढासुद्धा त्रास नको ह्यांना.”

नियमाप्रमाणे शंका आली की कार्डावरची आधीची आणि नंतरची चित्रे पाहायची. सेजलने ती उघडली. बारा सातच्या आधी पंचवीस मिनिटे काहीच नव्हते. त्याआधी, अकरा एकेचाळीसला, चौकटीच्या डाव्या कडेतून एक हात आत आलेला होता. म्हातारीचा हात, हिरव्या काचेच्या बांगड्या, शिरा वर आलेल्या, बोटांत पावाचा तुकडा, आणि अनामिका मधल्या पेरापासून आत वळून पुन्हा कधीच सरळ न झालेली.

“घ्या,” दीपक समाधानाने म्हणाले. “हातसुद्धा मिळाला. मानवी हस्तक्षेपाविना म्हणे!”

ती अनामिका पेटाऱ्याच्या झाकणाखाली सापडली त्या दुपारी झाकण पाडणारा मुलगा सहा वर्षांचा होता आणि त्याला गूळ हवा होता. मुलगी दहा वर्षांची. ती ओरडली नाही, कारण ओरडली असती तर गूळ चोरणारा सापडला असता. पुढे सगळ्या आयुष्यात प्रभावतीने त्या बोटाचा उल्लेख दोनदा केला: एकदा, लग्न जमेना तेव्हा, हसत, आणि एकदा, भाऊ डॉक्टरेट घेऊन आला तेव्हा, त्याला ओवाळताना निरांजनाचे तबक त्या हातात नीट धरता येईना म्हणून. डॉ. गावसांना पक्षी ओळखायला पिसाचा एक तुकडा पुरे होई, अशी त्यांच्या विद्यार्थ्यांत ख्याती होती. बहिणीला ओळखायला त्यांना एक पेर पुरले. पण ती ओळख ख्यातीच्या कामाची नव्हती. चष्मा काढून त्यांनी पुसला. बाद ठरलेल्या प्रवेशिकांची यादी, स्पर्धकाच्या नावासह आणि कारणासह, संकेतस्थळावर टाकायची हा नियम पहिल्या बैठकीत त्यांनीच लावून धरला होता. पारदर्शकतेवाचून परीक्षण म्हणजे कौल लावणे होय, असे ते तेव्हा म्हणाले होते, आणि ते वाक्य इतिवृत्तात जसेच्या तसे गेले होते.

आंबेगाळ गावाच्या वरच्या अंगाला ती राय होती. दोन-अडीच एकरांचे, कुऱ्हाड न लागलेले रान. देऊळ नाही, घुमटी नाही, शेंदूर नाही, पणती नाही. फक्त तो कललेला दगड. गावाचा राखणदार तेथे राहतो, रात्री खांद्यावर घोंगडी आणि हातात काठी घेऊन सीमेवरून फिरतो, अशी समजूत. दर बुधवारी सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंगा वाजवीत येई तेव्हा वडील, सगुण गावस, घरच्यासाठी पाव घेत आणि त्याच्यासाठी एक उंडो वेगळा घेत. कडक सालीचा तो गोल पाव रायीत नेऊन ते दगडापाशी बसून हाताने मोडीत. बरोबर चार तुकडे. लहानपणी गोकुळने विचारले होते, मोडायचा कशाला? “म्हातारो तो,” वडील म्हणाले होते, “दांत गेले त्याचे.” आणि रायीत वहाणा घालून जायचे नाही, आणि बारा ते एक मुळीच जायचे नाही. “बाराक तो जेवता. जेवणाऱ्याक उठवूक नये.” वडील हे एखाद्या शेजाऱ्याच्या सवयी सांगाव्यात तसे सांगत. त्यात दहशत नव्हती, धाक नव्हता. आणि म्हणूनच ते मुलाच्या मनात खोल गेले असावे. दहशतीविरुद्ध बंड करता येते. ज्याचे दांत गेले आहेत आणि जो दुपारी एकटा जेवतो अशा म्हाताऱ्याविरुद्ध बंड कसे करायचे, हे गोकुळदासांना पुढे वाचलेल्या कुठल्याच ग्रंथात सापडले नाही.

ग्रंथ मात्र त्यांनी पुष्कळ वाचले. चाळिशीत त्यांनी डिचोलीच्या वाचनालयात व्याख्यान दिले: राखणदार म्हणजे सामाईक जमिनीची अदृश्य चौकी, ज्या समाजाला पहारेकऱ्याचा पगार परवडत नाही तो समाज पहारेकऱ्याचे भूत पाळतो. सभागृह हसले, मग टाळ्या झाल्या. शेवटच्या रांगेत वडील बसले होते, धुतलेले धोतर नेसून. परतताना तिठ्यावर आल्यावर ते म्हणाले, “बरो बोललस. पण तो आसा.” त्या तीन शब्दांना उत्तर म्हणून गोकुळदासांनी पुढल्या वर्षी साठ पानांचा निबंध लिहिला. वडिलांनी तो वाचला नाही. ते तोपर्यंत गेले होते, आणि बुधवारचा उंडो प्रभावती नेऊ लागली होती. “अगे, पुरे कर हे,” गोकुळदास तिला एकदा म्हणाले होते. “तुझो काय त्रास?” ती म्हणाली होती. “पाव माझो, पाय माझे.”

“डॉक्टर, झोप आली काय?” दीपक विचारत होते. सेजल स्पर्धकाचा अर्ज शोधत होती. बाद करण्यापूर्वी स्पर्धकाचे म्हणणे ऐकून घ्यायचे, हाही नियमच होता. डॉ. गावसांच्या पायाशी त्यांची पिशवी होती आणि पिशवीत एक पत्र होते. बारा-तेरा वर्षे बंद असलेली आंबेगाळची खाण नव्या लिलावात नव्या नावाने उघडणार होती. हद्द वरच्या अंगाला वाढवायची होती. पुढल्या महिन्यात जनसुनावणी होती. कंपनीच्या सल्लागाराने अतिशय सौजन्याने मसुदा करून पाठवला होता: ‘सन २००९ मध्ये मी केलेल्या पक्षिसर्वेक्षणाचे निष्कर्ष आजही लागू आहेत.’ खाली नाव टंकलेले, सहीची जागा रिकामी. गेले दोन आठवडे ते पत्र पिशवीतून टेबलावर आणि टेबलावरून पिशवीत जात होते. ते वाक्य त्यांना व्याकरणदृष्ट्या निर्दोष वाटले होते. खोटेपणाच्या बाबतीत ही गोष्ट नेहमीच लक्षात येते, की त्याची वाक्यरचना सहसा चांगली असते.

जानेवारी २००९. तीन दिवस, अकरा भूखंड. सातव्या भूखंडाशी ते पोचले तेव्हा बाराला दहा मिनिटे कमी होती. मदतनिसांना त्यांनी खालच्या ओहोळाशी जेवायला पाठवले आणि एकटे रायीच्या तोंडाशी उभे राहिले. हातात वही, गळ्यात दुर्बीण, खिशात पेन. आत शिरायला तीस पावले पुरली असती. ऊन पानांतून नाण्यांसारखे खाली पडले होते आणि त्या उजेडात आतला कललेला दगड त्यांना दिसत होता, त्याच्या पायथ्याशी पांढरे असे काही होते. तेव्हा त्यांच्या लक्षात आले की आपण एक बूट काढला आहे. दुसऱ्याची नाडी हातात आहे. आपण वाकलेलो आहोत. एक्कावन्न वर्षांचा विभागप्रमुख एका पायावर उभा आहे. आणि त्याच वेळी आतून आवाज आला. सुक्या पाचोळ्यावर कोणीतरी दोन पावले टाकली. थांबले. एक पाऊल. थांबले. पुन्हा दोन. धावणाऱ्या जनावराचा तो आवाज नव्हता. जेवता जेवता कोणाची तरी चाहूल लागून बघायला उठलेल्या माणसाचा होता. बारा वाजत आले होते. डॉ. गावसांनी बूट हातात घेतला. ते पळाले नाहीत. याबद्दल ते स्वतःशी नेहमी आग्रही राहिले. ते चालत खाली आले, एका पायात बूट, एका पायात मोजा. जीपमध्ये बसून त्यांनी लिहिले: ‘भूखंड सात. उल्लेखनीय पक्षी: काही नाही. पूजास्थान: काही नाही.’ मग शेजारच्या भूखंडांतील नोंदी प्रातिनिधिक मानता येतात, ही पद्धत शास्त्रमान्य असल्याचे त्यांना आठवले, आणि सोळा वर्षे ते त्यांना आठवतच राहिले. अहवाल छापून आल्यावर प्रभावतीने फक्त एवढे विचारले होते: “तुझ्या कागदार आमची राय आसा मरे?” आणि ते म्हणाले होते, सगळे बघूनच लिहिले आहे.

फोन लागला. सेजलने तो टेबलाच्या मध्ये ठेवून आवाज मोठा केला.

“कोण बोलतंय? ... व्हय म्याडम, मीच धोंडिबा. खाणीवर वॉचमन हाय. गाव चंदगडकडं.”

सेजलने नीट समजावून विचारले. कॅमेरा कोणाचा?

“माझा कुठला? कंपनीचा. बंद खाणीतलं भंगार चोरत्यात, म्हणून चार ठिकाणी बांधल्यात. चोर काय घावला न्हाई. कार्ड रिकामं करताना हे पाखरू दिसलं. असलं रंगीत पाखरू मी जन्मात बघितलं नव्हतं. पोस्टातल्या ज्योतीबाई म्हणाल्या, स्पर्धा हाय, धाडून द्या. अर्ज त्यांनीच भरला.”

“आणि पाव कोणी ठेवला, धोंडिबा?”

“ते एक मावशी येत्यात, दर बुधवारी. राखणदाराला ठेवत्यात. आमच्याकडं म्हसोबा असतोय बघा, तसंच. मी बी तितं चपला काढूनच जातो. आनि बारा ते एक जात न्हाई. मावशींनी सांगितलंय, त्यो जेवाय बसतोय.”

दीपकनी भुवया उंचावल्या आणि मान हलवली. सेजलने फोनवर हात धरला. “सगळे हेच सांगतात,” दीपक हलक्या आवाजात म्हणाले. “बाई, मी केरीचा. राखणदार मला शिकवणार हा? आमच्या सीमेवर वर्षाला पाव देतात, चिरूट देतात, वहाणा देतात. पण पाव अख्खा देतात. मोडून कोण देतो देवाला? मोडलेला म्हणजे पाखरांसाठीच.”

“आमच्याकडेही अख्खाच,” सेजल म्हणाली. आणि तिला ते बोलायचे नव्हते हे तिच्या चेहऱ्यावर दिसले. तिने हात काढला. “धोंडिबा, तुमचं म्हणणं आम्ही लिहून घेतलं आहे. पण पावामुळे प्रवेशिका बहुतेक बाद होईल.”

“बक्षिसाचं ऱ्हाऊ द्या, म्याडम,” धोंडिबा म्हणाला. “पर ज्योतीबाई म्हणत होत्या, बाद केलं की नाव छापत्यात, लबाडी केली म्हणून. तेवढं करू नका. चौदा वर्सं वॉचमन हाय मी. वॉचमनला लबाड म्हटल्यावर मागं काय उरतंय?”

फोन ठेवल्यावर तिघेही क्षणभर भिंतीकडे पाहत राहिले. किती व्यवस्थित जमले आहे, असे डॉ. गावसांच्या मनात आले, आणि त्या विचारातल्या थंडपणाने ते स्वतःच चकित झाले. पुरावा आहे, तज्ज्ञ आहे, नियम आहे, स्पर्धकाला बोलू दिले आहे. एका तालुक्याच्या राखणदाराला दात आहेत म्हणून दुसऱ्या तालुक्यातला माणूस लबाड ठरतो आहे, आणि या सगळ्यात कोणी खोटे बोललेले नाही. आपण फक्त गप्प राहायचे. प्रवेशिका बाद झाली की ही नोंद नोंद उरत नाही. आमिष घालून आणलेला पक्षी कोणत्याही सूचीत जात नाही, आपणच तसा दंडक घातला आहे. म्हणजे भूखंड सातमध्ये आजही काही नाही. पत्रावर सही करायला हरकत राहत नाही. अशी शांतता त्यांना ओळखीची होती. कितीतरी समित्यांवर ते तिच्यात बसले होते आणि बाहेर येऊन तिच्याविरुद्ध उत्तम लेख लिहिले होते.

“सेजल,” ते म्हणाले, “बारा सातची तिन्ही चित्रं एकापाठोपाठ दाखवता? जरा भरभर.”

पहिल्या चित्रात नवरंग पानाच्या पलीकडे होता. दुसऱ्यात वीतभर उजवीकडे, मान वर करून, स्तब्ध. तिसऱ्यात आणखी वीतभर पुढे. पावाकडे त्याने एकदाही पाहिले नव्हते. सेजलने पुन्हा पहिले लावले, दुसरे, तिसरे. पुन्हा. उडी, थांबा, उडी. चित्रांना आवाज नव्हता. समुद्राचा आवाज खिडकीतून येत होता तेवढाच. पण डॉ. गावसांना सुका पाचोळा ऐकू आला. दोन पावले. थांबले. एक पाऊल. थांबले. नवरंग जमिनीवर असाच चरतो, पाचोळा उलटीत, टुण्णकन उडी मारून थांबत, ऐकत, पुन्हा उडी मारत. हे त्यांनी स्वतः सूचीच्या चौऱ्याऐंशीव्या पानावर लिहिले होते. जानेवारीत तो या भागात पाहुणा म्हणून असतो, हेही लिहिले होते. तो नवरंगच होता असे नाही. चकोत्री असेल, घोरपड असेल. सोळा वर्षांपूर्वीच्या आवाजाला पुरावा नसतो. पण तीस पावले आत गेले असते तर असता. ज्याच्या भयाने आपण परतलो तो बहुधा साठ ग्रॅम वजनाचा होता. आणि त्या पक्ष्याने दुपारची बारा ते एक ही वेळ का निवडली, हेही आता उघड होते. गावाने ती वेळ पिढ्यान् पिढ्या कोणासाठी तरी रिकामी ठेवली होती. त्या रिकाम्या वेळेत तो राहायला आला होता. वडिलांच्या तीन शब्दांना हे उत्तर होते की दुजोरा, हे त्यांना ठरवता येईना. साठ पानांच्या निबंधात या शक्यतेला जागा नव्हती.

“आमच्या राखणदाराचे दात गेलेत,” डॉ. गावस म्हणाले.

“काय म्हणालात?”

“म्हातारा आहे तो. म्हणून पाव मोडून देतात. चार तुकडे. ही आंबेगाळची राय. तो दगड मी जन्मापासून बघतोय. आणि हा हात माझ्या बहिणीचा आहे, दीपकबाब. त्या बोटावर पेटाऱ्याचं झाकण मी पाडलं होतं.”

दीपक हळूच म्हणाले, “मेल्या, आधी सांगायचं मरे!” आणि लगेच ओशाळले, कारण डॉक्टरांना त्यांनी आजवर एकेरीत हाक मारली नव्हती. डॉ. गावसांना तो एकेरी शब्द कोणत्याही सत्कारापेक्षा बरा वाटला. पण ते थांबले नाहीत. थांबले असते तर पुन्हा सुरू करणे जमले नसते.

“माझ्या अहवालात हा भूखंड सात आहे. तिथे उल्लेखनीय काही नाही, असं मी लिहिलंय.”

“ठाऊक आहे,” दीपक म्हणाले. “खात्यातर्फे त्याच्यावर प्रतिस्वाक्षरी माझी आहे.” त्यांनी भिंतीवरच्या नवरंगाकडे पाहिले. “तेव्हा नसेल दिसला. पक्षीच तो.”

“मी आत गेलोच नाही.”

“का?” सेजलने विचारले. तिच्या स्वरात आरोप नव्हता, आणि म्हणूनच उत्तर द्यावे लागले.

“बारा वाजत आले होते,” डॉ. गावस म्हणाले.

ते हसण्याची वाट पाहत होते. त्या हसण्यासाठी त्यांच्याकडे तयारी होती. चाळीस वर्षांचा उपरोध त्यांनी स्वतःवर उलटवायला हाताशी घेतला होता. पण सेजल हसली नाही. तिने फक्त “अच्छा” म्हटले, कोणी पाऊस होता म्हणून आलो नाही असे सांगितल्यावर म्हणतात तसे. आणि दीपक, ज्यांनी तीस वर्षे पंचनामे लिहिले होते, ते गंभीरपणे मान डोलावीत म्हणाले, “मग कसे जाणार? बरोबर आहे.” आयुष्यभर डॉ. गावसांनी जे जे मांडले त्याला लोकांनी आधार मागितले होते, संदर्भ मागितले होते, आकडे मागितले होते. हे एकच कारण असे निघाले, की ते कोणी तपासले नाही. त्यांच्या डोक्यात एक थंड, स्वच्छ संताप उभा राहिला. आणि या खेपेला तो कोणावर आहे याबद्दल त्यांना शंका नव्हती.

“धोंडिबाची प्रवेशिका पुढे जाऊ द्या,” दीपक आता कामाला लागले होते. “आमिष नाही, प्रश्न मिटला. जागा छापायची नाही, नुसता तालुका. नाहीतर बिचाऱ्याची नोकरी जायची. आणि तुमच्या अहवालाचं म्हणाल तर शुद्धिपत्रक काढूया, डॉक्टर. सोपं आहे. ‘भूखंड सातची पाहणी वेळेअभावी होऊ शकली नाही.’ खोटं काही नाही त्यात. वेळ नव्हतीच ती.”

वाक्य निर्दोष होते. डॉ. गावसांनी ते मनातल्या मनात दोनदा वाचले आणि त्याच्या सफाईचे त्यांना कौतुक वाटले. त्याखाली दोन सह्या सुखाने राहिल्या असत्या. त्यांनी वाकून पिशवीतून सल्लागाराचे पत्र काढले, उलटे केले, आणि कोऱ्या बाजूवर, टेबलावरचा पाण्याचा ओघळ बाजूला सारून, लिहायला सुरुवात केली. जनसुनावणीच्या अध्यक्षांस. सन २००९ च्या सर्वेक्षणात भूखंड सातमध्ये मी प्रवेश केला नव्हता. त्याविषयीच्या दोन्ही नोंदी मी न पाहता केल्या. तेथे गावाच्या राखणदाराचे स्थान आहे. तेथे माझे वडील दर बुधवारी जात, आणि आता बहीण जाते. कारण: येथे पेन थांबले.

“वेळेअभावी,” दीपकनी हळूच आठवण करून दिली. त्यांचा आवाज काहीसा कोरडा पडला होता.

“वेळ होती,” डॉ. गावस म्हणाले. “तीस पावलं होती फक्त.” त्यांनी लिहिले: मी भ्यालो. शब्द कागदावर फार लहान दिसला. त्याला आधार देण्यासाठी काही लिहावे, निदान लोकसमजुतींच्या मानसशास्त्राविषयी एक उपवाक्य, अशी हाताला सवयीची ओढ लागली. ती त्यांनी जाऊ दिली. सही केली. तारीख घातली.

“हे चित्र जोडते ना सोबत?” सेजलने विचारले. “छापून देते लगेच. पुरावा म्हणून.”

त्यांनी भिंतीकडे पाहिले. नवरंग चोचीत मुळे धरून पाठमोरा उभा होता. शेजारी पानावर चार तुकडे भिजत होते. पुरावा उत्तम होता. तो जोडला असता तर कागदाला वजन आले असते. आणि कार्डाचा मागोवा घेत कोणीतरी सरळ एका वॉचमनच्या खोलीपर्यंत पोचले असते. “नको,” ते म्हणाले. “मी आहे ना.” त्यांनी सत्तेचाळीसच्या गुणपत्रिकेवर, परीक्षक तीन या रकान्यात, ‘नातेसंबंधामुळे गुण दिले नाहीत’ असे लिहून ती दीपककडे सरकवली. मग पुन्हा स्वतःचा कागद ओढला. अर्जाच्या तळाशी जोडपत्रांची ओळ लिहायची आयुष्यभराची शिस्त होती. तेथे त्यांनी जे दोन शब्द लिहिले, ते सोळा वर्षांपूर्वी जीपमध्ये बसून लिहिलेलेच होते, आणि या वेळी ते खरे होते.

सोबत: काही नाही.